माचू पिक्चूचा अभ्यासप्रवास : एक ऐतिहासिक पूर्वविचार

प्राचीन स्थळांच्या दर्शनास निघणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रवासाचा आराखडा कसा आखावा, हा प्रश्न वरवर पाहता प्रवासी मार्गदर्शिकांच्या कक्षेतील वाटतो. ऋतू कोणता निवडावा, मुक्काम कोठे करावा, परवाने कसे मिळवावेत, एवढ्यापुरताच त्याचा विचार बहुधा केला जातो आणि इतिहासाचे वाचन ही त्याहून निराळी बाब मानली जाते. पेरू देशातील माचू पिक्चू या इंकाकालीन गिरिस्थळाच्या बाबतीत मात्र ही फारकत टिकत नाही. या स्थळाविषयी विसाव्या शतकात जे समज रूढ झाले, त्यांतील बरेचसे, ते स्थळ जगापुढे आणणारा संशोधक कोणत्या वाटेने व कशाच्या शोधात तेथे पोचला, यातून उत्पन्न झालेले आहेत. आजचा प्रवासी बहुतांशी त्याच वाटेने जातो आणि पुष्कळदा तेच समज घेऊन परततो. म्हणून दौऱ्याचा क्रम ठरविणे म्हणजे त्या स्थळाविषयी एक मत स्वीकारणे होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. आणि त्या दृष्टीने पदव्युत्तर विद्यार्थ्यास उपयोगी पडेल असा एक क्रमही सुचवावयाचा आहे.

१

प्रथम स्थळाची भौगोलिक स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. इंकांची राजधानी कुस्को हिच्या वायव्येस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, माचू पिक्चू व वायना पिक्चू या दोन शिखरांना जोडणाऱ्या डोंगरधारेवर हे अवशेष पसरलेले आहेत. केचुआ भाषेत ‘पिक्चू’ म्हणजे शिखर, ‘माचू’ म्हणजे वृद्ध आणि ‘वायना’ म्हणजे तरुण. धारेच्या तिन्ही बाजूंस उरुबांबा नदीने वळसा घातलेला असून नदीचे पात्र सुमारे ४५० मीटर खाली आहे. अवशेषांची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २,४३० मीटर आहे, तर कुस्को नगर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेले आहे.

या दोन आकड्यांची तुलना महत्त्वाची आहे. छायाचित्रांतून ओळख झालेल्या वाचकास माचू पिक्चू हे दुर्गम उंचीवरील स्थान वाटते. परंतु राजधानीतून निघालेल्या इंका राजास तेथे येण्यासाठी जवळजवळ एक हजार मीटर खाली उतरावे लागे. अँडीज पर्वताच्या थंड, उघड्या पठारावरून तो ॲमेझॉन खोऱ्याच्या सीमेवरील उबदार, दमट अरण्यप्रदेशात येई. जून व जुलै हे कुस्को येथील कोरडे पण कडाक्याच्या थंडीचे महिने होत. राजा व त्याचा परिवार याच दिवसांत खाली येऊन राहत असावा, असे रिचर्ड बर्गर आणि लुसी सालासार या अभ्यासकांचे अनुमान आहे. ‘ढगांतील दुर्ग’ ही कल्पना आणि ‘थंडीतील उबदार निवासस्थान’ ही कल्पना, या दोहोंत केवढे अंतर आहे हे सांगावयास नको. पहिली कल्पना नदीपात्रातून वर पाहणाऱ्यास सुचते. दुसरी राजधानीतून खाली येणाऱ्यास.

२

हायरम बिंगहॅम हे येल विद्यापीठात लॅटिन अमेरिकेचा इतिहास शिकवीत असत. इ. स. १९११ मध्ये ते पेरूत गेले ते इंकांच्या शेवटच्या राजधानीच्या शोधात. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे पिसारोने आताउआल्पा या इंका राजास कैद केले. १५३६ मध्ये मांको इंका याने स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला आणि तो फसल्यावर विल्काबांबाच्या अरण्यात आश्रय घेतला. तेथील राज्य १५७२ पर्यंत टिकले. त्या वर्षी तुपाक आमारू याचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला आणि इंका सत्तेचा शेवट झाला. बिंगहॅम यांच्या डोळ्यांपुढे हा शेवटचा कालखंड होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

उरुबांबाच्या काठाने अल्पकाळापूर्वीच तयार झालेल्या खेचररस्त्याने ते खाली आले. २४ जुलै १९११ रोजी मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने त्यांना डोंगरावर नेले. वर दोन शेतकरी कुटुंबे राहत होती आणि इंकांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतच पिके घेत होती. त्या वस्तीतील एका मुलाने पाहुण्यास अवशेष दाखविले. तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर आगुस्तीन लिसारागा या त्याच परिसरातील गृहस्थाचे नाव व १९०२ हे साल कोळशाने लिहिलेले बिंगहॅम यांना आढळले आणि त्यांनी त्याची नोंदही केली. एवढे असूनही १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘इंकांचे हरवलेले नगर’ हे शब्द आले आणि पुढे तेच जगभर रूढ झाले. जेथे माणसे नांगरीत व पेरीत होती ते स्थळ हरवलेले ठरले, याचे कारण एवढेच की हरवणे आणि सापडणे यांचे मोजमाप परदेशी विद्यापीठाच्या दृष्टीने करण्यात आले.

बिंगहॅम यांचे श्रेय यामुळे नाहीसे होत नाही. १९१२ व १९१४-१५ या वर्षांतील त्यांच्या मोहिमांनी अवशेषांची सफाई, मोजणी, नकाशे व छायाचित्रे यांचा भक्कम पाया घातला. तथापि त्यांचे तीन मुख्य सिद्धान्त पुढील संशोधनात टिकले नाहीत. माचू पिक्चू हे इंकांचे पौराणिक उगमस्थान ताम्पू तोक्को होय, हा पहिला सिद्धान्त. विल्काबांबा ही शेवटची राजधानी तीच, हा दुसरा. १९६४ मध्ये जीन सॅव्हॉय यांनी एस्पिरितू पाम्पा येथील विस्तीर्ण अवशेष उजेडात आणले आणि जॉन हेमिंग यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे तेच विल्काबांबा असल्याची बाजू मांडली. विशेष असे की एस्पिरितू पाम्पा येथे बिंगहॅम १९११ मध्येच जाऊन आले होते. परंतु अरण्याने झाकलेला त्याचा विस्तार त्यांच्या ध्यानात आला नाही. तिसरा सिद्धान्त असा की, येथे प्रामुख्याने सूर्यदेवास वाहिलेल्या कुमारिका राहत. त्यास जॉर्ज ईटन यांच्या १९१६ मधील अस्थिविषयक अहवालाचा आधार होता. त्यात बहुसंख्य सांगाडे स्त्रियांचे ठरविले होते. जॉन व्हेरानो यांनी त्याच अस्थींची फेरतपासणी केली, तेव्हा स्त्रिया व पुरुष यांचे प्रमाण जवळजवळ समान असल्याचे दिसून आले. सांगाड्यांत बालकांचाही समावेश होता.

३

मग माचू पिक्चू हे होते तरी काय? या प्रश्नाचे आज सर्वांत मान्य असलेले उत्तर शोधमोहिमेतून मिळाले नाही. ते दप्तरातून मिळाले.

बखरीतील कथन आणि अस्सल दप्तरातील नोंद यांतील भेद मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस चांगला परिचित आहे. इंका इतिहासातही हा भेद कळीचा आहे. इंकांपाशी लेखनकला नव्हती. हिशेब व स्मरण यांसाठी ते ‘किपू’ नावाच्या गाठींच्या दोऱ्या वापरीत. त्यांचा राजकीय इतिहास आपणांस कळतो तो विजयानंतर लिहिल्या गेलेल्या स्पॅनिश वृत्तान्तांतून. हुआन दे बेतान्सोस याने १५५१ मध्ये आपला वृत्तान्त लिहिला. त्याची पत्नी इंका राजघराण्यातील होती आणि पाचाकुती या राजाचा गौरव त्यात भरपूर आहे. पेद्रो सार्मिएन्तो दे गाम्बोआ याचा वृत्तान्त १५७२ चा. इंकांचे राज्य अन्यायाचे होते हे दाखविण्याचा त्याचा हेतू उघड आहे. अशा साधनांचा उपयोग करताना लेखकाचे संबंध व हेतू पारखून घ्यावे लागतात.

जमिनीच्या वादांत निर्माण झालेले कागद निराळ्या जातीचे असतात. त्यांना स्थळाचे माहात्म्य सांगावयाचे नसते. अमुक जमीन कोणाची होती एवढेच नोंदवावयाचे असते. जॉन रो यांनी १९९० मध्ये १५६८ सालच्या अशाच एका दस्तऐवजाकडे लक्ष वेधले. उरुबांबाच्या या भागातील जमिनी इंका युपांकी, म्हणजेच पाचाकुती, याच्या मालकीच्या होत्या असे त्यात असून पिक्चू हे नावही त्यात येते. स्पॅनिश विजयानंतर अवघ्या पस्तीस वर्षांनी झालेली ही नोंद आहे. तिच्यावरून माचू पिक्चू ही पाचाकुतीची खाजगी राजमिळकत होती, असा निष्कर्ष निघतो.

या निष्कर्षाचा अर्थ समजण्यासाठी इंकांची वारसापद्धती माहीत असावी लागते. राजा मृत्यू पावला म्हणजे राजपद उत्तराधिकाऱ्याकडे जाई; परंतु मृत राजाची खाजगी मिळकत त्याच्या उरलेल्या वंशजांच्या कुलसमूहाकडे, म्हणजे ‘पानाका’कडे, राही. हा कुलसमूह राजाचा जतन केलेला देह सांभाळी आणि त्याच्या मिळकतीच्या उत्पन्नावर त्याची सेवाअर्चा चालवी. साहजिकच प्रत्येक नव्या राजास स्वतःसाठी नव्या मिळकती उभाराव्या लागत. उरुबांबाच्या खोऱ्यात अशा मिळकतींची मालिकाच आढळते : पिसाक व ओयान्तायताम्बो पाचाकुतीच्या, चिंचेरो तोपा इंका याची आणि युकाय वायना कापाक याची. माचू पिक्चू ही या मालिकेतील एक कडी आहे. तिला मालिकेतून वेगळे काढून पाहिले की ती गूढ वाटू लागते.

नावाच्या बाबतीतही दप्तराने अशीच मदत केली आहे. दोनातो आमादो गोन्सालेस व ब्रायन बावर यांनी २०२१ मध्ये जुने नकाशे, प्रवासवर्णने व सोळाव्या शतकापासूनचे जमिनीचे कागद तपासून असे दाखविले की या वस्तीचे मूळ नाव बहुधा ‘वायना पिक्चू’ किंवा नुसते ‘पिक्चू’ असे होते. ज्या नगराचे नाव कागदोपत्री शतकानुशतके टिकून राहिले, त्याला हरवलेले म्हणणे कितपत सयुक्तिक आहे याचा विचार वाचकांनीच करावा.

४

मालक कोण हे दप्तराने सांगितले. तेथे राबणारे कोण होते हे मात्र त्यात नाही. तेथे अस्थींची साक्ष घ्यावी लागते. माचू पिक्चू येथील दफनस्थानांत मिळालेली सामग्री साधी आहे. ही दफने राजकुलातील व्यक्तींची नसून मिळकतीवर कायम वास्तव्य करणाऱ्या सेवकवर्गाची होत. राजकुलातील मृतांचे स्थान कुस्को येथे होते. या सेवकांस ‘यानाकोना’ म्हणत. आपापल्या मूळ समाजापासून तोडून राजाच्या सेवेस कायमचे जोडलेले हे लोक होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात येथील ३४ व्यक्तींची तपासणी करण्यात आली. त्यांचे मूळ साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रदेशांत, काहींचे तर ॲमेझॉनच्या अरण्यप्रदेशात असल्याचे त्यावरून दिसते. एकाच डोंगरधारेवर निरनिराळ्या भाषांचे व चालीरीतींचे लोक एकत्र राहत होते. राजवैभवाची ही दुसरी बाजू आहे आणि ती वृत्तान्तकारांनी क्वचितच सांगितली आहे.

कालनिर्णयाच्या प्रश्नावरही अस्थींनी नवा प्रकाश टाकला आहे. पाचाकुती १४३८ मध्ये सत्तेवर आला, ही रो यांनी १९४५ मध्ये रूढ केलेली गणना मिगेल काबेयो बाल्बोआ याच्या १५८६ मधील वृत्तान्तावर आधारलेली होती. त्यानुसार माचू पिक्चूचे बांधकाम १४४० नंतर केव्हातरी, बहुधा १४५० च्या सुमारास, सुरू झाले असे मानीत. बर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये येथील २६ व्यक्तींच्या अवशेषांचे किरणोत्सर्गी कार्बनाच्या पद्धतीने कालमापन प्रसिद्ध केले. त्यावरून ही वस्ती सुमारे १४२० ते १५३० या काळात नांदती होती असे ठरते. म्हणजे पाचाकुतीचा उदय व साम्राज्याचा विस्तार रूढ गणनेपेक्षा निदान दोन दशके मागे न्यावा लागेल. दप्तर व कालमापन ही दोन साधने मालकीविषयी एकमेकांस पूरक ठरतात आणि काळाविषयी वृत्तान्तकारांस दुरुस्त करतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यास साधनचिकित्सेचा याहून चांगला पाठ क्वचितच मिळेल.

५

आता प्रत्यक्ष स्थळी काय पाहावे याचा विचार करू. स्थळावरील सर्वांत बोलके साधन म्हणजे पाणी. केनेथ राइट व आल्फ्रेदो बालेन्सिया सेगार्रा यांनी येथील जलव्यवस्थेचा बारकाईने अभ्यास केला आहे. डोंगराच्या उतारावरील झऱ्याचे पाणी ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने वस्तीत आणलेले असून ते एकाखाली एक अशा १६ कुंडांतून उतरत जाते. यांतील पहिले कुंड राजनिवासाच्या लगत आहे. सर्वांत स्वच्छ पाणी प्रथम राजास मिळे आणि मग ते खालच्या वस्तीकडे जाई. सामाजिक श्रेणी येथे अशी उतारावरच कोरलेली दिसते.

येथे वर्षाकाठी सुमारे १,९५० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात उभ्या उतारावरील बांधकाम टिकले, याचे कारण जमिनीखाली आहे. राइट यांच्या अंदाजाप्रमाणे एकूण बांधकामाचा सुमारे ६० टक्के भाग पाया, भराव व निचऱ्याची रचना यांच्या रूपाने जमिनीखाली दडलेला आहे. शेताच्या प्रत्येक पायरीखाली मोठे दगड, त्यांवर खडी, त्यावर वाळू व शेवटी सुपीक माती असे थर आहेत. प्रेक्षक भिंतींची सांधेजोड पाहून थक्क होतो. परंतु श्रमाचा मोठा वाटा त्याच्या दृष्टीआड राहिलेला असतो.

ऋतूची निवडही याच संदर्भात करावी. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ असून राजपरिवाराचे वास्तव्यही बहुधा याच दिवसांतील होते. जूनमधील अयनदिनाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण सूर्यमंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्धवर्तुळाकार वास्तूच्या खिडकीतून आत येतो. नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा. त्यात निचऱ्याची रचना कार्य करताना दिसते, परंतु धोकाही मोठा असतो. जानेवारी २०१० मध्ये पुराने लोहमार्ग तुटून हजारो प्रवासी तेथे अडकून पडले होते.

६

वरील विवेचनावरून दौऱ्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा असे वाटते.

कुस्को येथे उतरल्यावर प्रथम तेथून खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जावे. उंचीवरील विरळ हवेची सवय होण्यासाठी वैद्यकीय दृष्ट्या हे हितकर आहेच. ऐतिहासिक दृष्ट्याही ते आवश्यक आहे. पिसाक व ओयान्तायताम्बो या पाचाकुतीच्या अन्य मिळकती पाहिल्या म्हणजे पायऱ्यांची शेते, कोठारे, पाट व राजनिवास यांची मांडणी परिचित होते. ओयान्तायताम्बो येथे नदीपलीकडील काचिकाता खाणीतून आणलेले प्रचंड शिलाखंड वाटेतच पडलेले आहेत. काम अर्धवट थांबले तेथे श्रमाची पद्धत उघडी पडते. पूर्ण झालेल्या वास्तूत ती लपते.

त्यानंतर माचू पिक्चू. पायी जाण्याची तयारी असेल तर इंकांच्या जुन्या मार्गाने जावे. हा मार्ग ४,२०० मीटरहून उंच खिंड ओलांडतो आणि विन्याय वायना वगैरे वस्त्यांमधून इन्तीपुंकू, म्हणजे सूर्यद्वार, येथे पोचतो. त्यावर सेवक व वाटाडे धरून दररोज ५०० माणसांनाच प्रवेश मिळत असल्याने परवाना कित्येक महिने आधी घ्यावा लागतो. फेब्रुवारीत मार्ग बंद असतो. या वाटेने येणारा मनुष्य राजधानीच्या बाजूने, वरून, स्थळात प्रवेश करतो.

स्थळाच्या आतील फेरीचाही विचार आधी करावा. जून २०२४ पासून प्रवेशपत्रे तीन मंडलांत व दहा मार्गांत विभागलेली आहेत. पहिल्या मंडलातून मुख्यतः वरच्या पायऱ्यांवरून दिसणारे परिचित दृश्य लाभते. दुसऱ्यात पवित्र चौक व वस्तीचा मोठा भाग येतो. सूर्यमंदिर, राजनिवास व कुंडे यांचा परिसर तिसऱ्या मंडलाकडे आहे. एका प्रवेशपत्रावर सर्व काही पाहता येत नाही. केवळ पहिले मंडल पाहणारा विद्यार्थी चित्र पाहून परततो. मिळकतीची व्यवस्था समजून घ्यावयाची असेल तर दुसरे व तिसरे अशी दोन प्रवेशपत्रे घेणे इष्ट. हे निर्बंध जाचक वाटले तरी अकारण नाहीत. २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात यंत्राचा आघात होऊन इन्तिवाताना या शिलेचा टवका उडाला, हे स्मरणात ठेवावे. १९८१ मध्ये पेरूने या परिसरातील ३२,५९२ हेक्टर क्षेत्र संरक्षित म्हणून घोषित केले आणि १९८३ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशात स्थान दिले.

शेवटी कुस्को. येथील कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी उभारलेला मठ मे १९५० च्या भूकंपात मोडकळीस आला आणि खालच्या इंका भिंती अधिक उघड्या झाल्या. बिंगहॅम यांनी नेलेल्या वस्तू दीर्घ वादानंतर, २०१० च्या समझोत्यान्वये, येल विद्यापीठाने परत केल्या व त्या कासा कोंचा या वास्तूतील संग्रहालयात ठेवण्यात आल्या. सेवकांची साधी मडकी व टाचण्या तेथे पाहावयास मिळतात. स्थळ पाहून आल्यावर त्या पाहिल्या तर त्यांचा अर्थ लागतो. आधी पाहिल्या तर त्या किरकोळ वाटण्याचा संभव आहे.

७

एका दिवसात आगगाडीने जाऊन परत येणारा प्रवासी नदीपात्रातून वर पाहतो, एक भव्य दृश्य अनुभवतो आणि हरवलेल्या नगराची कथा दृढ करून घेतो. त्याच्या आनंदास कोणी हरकत घेऊ नये. परंतु त्या कथेत दोन प्रकारची माणसे गळून जातात : दूरदूरच्या प्रदेशांतून आणून या डोंगरावर राबविलेले यानाकोना आणि १९११ मध्ये त्याच पायऱ्यांवर पिके घेणारी शेतकरी कुटुंबे. पहिल्यांची नावे कोणत्याही वृत्तान्तात नाहीत. दुसऱ्यांची नोंद बिंगहॅम यांनी केली, पण कथेच्या नावाने ती झाकून टाकली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपला दौरा असा आखावा की ही माणसे त्याला वाटेत भेटतील. खोऱ्यातील मिळकती आधी, पिक्चू नंतर आणि राजधानी अखेरीस, हा क्रम त्यासाठीच सुचविला आहे. दुसरा कोणताही क्रम निवडण्यास प्रत्यवाय नाही. मात्र निघण्यापूर्वी आपण कोणता प्रश्न बरोबर नेत आहोत, हे प्रत्येकाने स्वतःशी निश्चित केलेले असावे.